नॉर्मल म्हणून दिलेलं हाड

४ फेब्रुवारी

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, म्हणजे अजून थोडी आशा आहे. नऊ वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस. मीही तीनदा करून सोडून दिला. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होईल.

मुद्द्यावर येते. काल मावशीचा फोन होता. तासभर स्वतःच्या दातांबद्दल बोलली आणि ठेवता ठेवता म्हणाली की ठकीचा गुडघा महिनाभर दुखतोय, आणि तू त्याला पट्टी बांधून तिला लांब उडीचा सराव करायला लावतोस. मावशीचं निम्मंच खरं धरायचं असतं हे मला माहीत आहे. पण निम्मं धरलं तरी मला काही सुचेना.

तिचा एक्स-रे काढ. गुडघ्याचा, आणि गुडघ्याच्या वर वीतभर मांडीचाही. या आठवड्यात काढ. डॉक्टर 'वाढीचं वय आहे, दुखायचंच' म्हणाला तर त्याला विचार, वाढ दोन्ही पायांची होते, मग दुखतो एकच का? आणि ठकीला विचार, नुसती बसलेली असतानाही दुखतं का. तू तिचा बापही आहेस आणि तिचा खेळाचा मास्तरही, त्यामुळे ती तुला खरं सांगणार नाही. तिच्या आईला विचारायला सांग.

तू म्हणशील, ताईला नऊ वर्षांनी भाचीचा पुळका आला. हो, आला. आई गेली तेव्हा ठकी तीन वर्षांची होती आणि माझ्या चपला घालून घरभर फिरत होती. मला तिची तेवढीच आठवण आहे आणि ती मी पुष्कळ वापरली आहे.

तुझा राग मी विसरलेले नाही. आई गेल्यावर तिच्या खुब्यातल्या गाठीचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेला द्यायच्या कागदावर मी सही केली, तुला न विचारता. दवाखान्याच्या जिन्यात तू म्हणालास, "आईला बाटलीत भरलंस." मला त्यावर आता भांडायचं नाही. तुझं भांडण तुझ्यापाशी ठेव, कमी करू नकोस पाहिजे तर, पण एक्स-रे काढ.

कशासाठी ते पुढच्या पत्रात लिहीन. आज धीर होत नाही.

ताई

११ फेब्रुवारी

बारक्या,

मावशीकडून कळलं की पत्र पोचलं आणि तू ते वाचून कपाटावर ठेवलंस. एक्स-रे काढलेला नाही, कारण शाळांच्या स्पर्धा तोंडावर आहेत. धन्य आहे तुझी. मोडेन पण वाकणार नाही हा आपल्या घरातला जुना आजार, आणि तो मलाही आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

मग आता सगळं ऐक. जरा लांबण लागेल.

मी काय काम करते हे तू कधी नीट ऐकून घेतलं नाहीस. लोकांना सांगायचास, "आमची ताई हाडं उकळते." उकळत नाही. हाड आम्लात ठेवून मऊ करते, त्याचे केसाहून पातळ काप काढते, काचेवर बसवते आणि रंगवते. ज्या बाई आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आहेत त्या हाडाच्या कॅन्सरवर वीस वर्षं काम करताहेत. त्यांचं म्हणणं मला समजलं तसं सांगते.

प्रत्येक पेशीत एक राखणदार जनुक असतं. पेशीत बिघाड झाला की ते तिला अडवतं. थांब, दुरुस्त हो, आणि जमत नसेल तर मर, असा त्याचा खाक्या. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक मोडकी असली तरी दुसरीवर कसंबसं भागतं. दोन्ही गेल्या की त्या पेशीला कुणाचा धाक उरत नाही. हाडाच्या पेशीला 'वाढ' असा निरोप खरं तर बाहेरून यायचा असतो, गरज असेल तेव्हा. राखणदार गेलेली पेशी तो निरोप स्वतःच तयार करते, बाहेर टाकते आणि स्वतःच उचलते. मग तो आत एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचतो आणि तिथून हुकूम सुटतो. बाई म्हणतात, स्वतःच हाक मारायची आणि स्वतःच ओ द्यायची. ही साखळी मध्ये कुठे तोडता येईल, याच्या शोधात आमची प्रयोगशाळा आहे.

हे दाखवायचं तर रोगी पेशींच्या शेजारी निरोगी हाडाच्या पेशी ठेवाव्या लागतात, तुलनेला. त्या आणायच्या कुठून? धडधाकट माणूस उठून 'घ्या माझं हाड' म्हणत नाही. म्हणून आमच्यात रीत पडली आहे की प्रयोगशाळेतल्याच माणसाने द्यायचं. कुणाचं ऑपरेशन झालं की निघालेली कपची टाकू द्यायची नाही, डबीत घालून इकडे आणायची. पाच वर्षांपूर्वी मी ओल्या फरशीवर घसरून मनगट मोडलं, तेव्हा मीही दिली. डबीवर नाव लिहायचं नसतं, आकडा घालतात. आकड्याखाली मी माझ्या हाताने लिहिलं, 'नॉर्मल'.

त्या पेशी काय वाढल्या म्हणून सांगू. एरवी माणसाच्या पेशी ताटलीत काही महिने वाढतात, मग मंदावतात, थांबतात आणि टाकून द्याव्या लागतात. माझ्या थांबल्याच नाहीत. आमच्याकडे एक पेशीवाला आहे. पेशींना खाऊ घालणं, ताटल्या बदलणं एवढंच त्याचं काम, आणि तो त्यांच्याशी बोलतोही. तो म्हणायचा, "ताई, या अगदी तुमच्यावर गेल्यात, सुट्टीच घेत नाहीत." मला अभिमान वाटायचा रे. शेजारच्या विभागातले लोक मागायला यायचे आणि मी गोठवलेल्या कुप्या अशा द्यायचे जणू माहेरची भेट. साडेतीन वर्षं सगळे प्रयोग माझ्या पेशी शेजारी ठेवून झाले. न थांबणाऱ्या पेशी म्हणजे काय हे ज्या लोकांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, त्यांच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही की ही नॉर्मल कशी. कामाला सोयीची होती, त्यामुळे कुणी तिला काही विचारलं नाही.

मग एका प्रयोगात नॉर्मल पेशीही हाक मारू लागल्या. आधी औषधाला दोष दिला, मग यंत्राला, मग मला. मी तीनदा पुन्हा केलं. शेवटी बाईंनी त्या पेशींचं जनुक तपासून घेतलं. राखणदाराची एक प्रत जन्मापासून मोडकी निघाली. दुसरी ताटलीत वाढता वाढता गेली होती. आणि शीतपेटीत आईची कुपी होतीच. तिच्यातही तीच प्रत, त्याच जागी, तशीच मोडकी.

आईला छत्तिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, त्यातून ती उठली, आणि सत्तावन्नाव्या वर्षी खुब्याचा झाला. मामा नऊ वर्षांचा असताना डोक्यात गाठ होऊन गेला. 'आपल्याकडे माणसं लवकर जातात' म्हणून आपण सुस्कारे टाकत बसलो. ते नशीब नव्हतं, हे होतं. मला ते आलंय. तुला आलं असण्याची शक्यता निम्मी. तुला असेल तर ठकीला निम्मी आणि धाकटीला निम्मी.

मला हे परवा-परवाच कळलं. कळलं तसं लिहितेय.

आता कपाटावर ठेवू नकोस. एक्स-रे काढ.

ताई

२८ फेब्रुवारी

बारक्या,

तू म्हणालास, फोनवर डोक्यात काही शिरत नाही, लिहून पाठव म्हणजे पुन्हा वाचता येतं. म्हणून हे. काल तुझी गाडी गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं.

गाठ मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आहे, गुडघ्याच्या वर. तुकडा काढून तपासला, हाडाचाच कॅन्सर आहे. फुप्फुसं आज स्वच्छ आहेत. 'आज' हा शब्द त्यांनी वापरला, म्हणून मीही वापरते. आधी दहा आठवडे औषधं शिरेतून, मग ऑपरेशन, मग पुन्हा औषधं. पाय वाचवायचा प्रयत्न करतील. किरणांचा उपचार शक्यतो टाळतील, कारण आपल्या घराण्यात त्याने नवी गाठ उठू शकते. मी आईचा आणि माझा अहवाल त्यांच्यासमोर ठेवला होता. ठकीचंही रक्त त्या तपासणीला गेलंय.

तिची आणि तिच्या आईची काळजी करू नकोस. माझ्या दोन खोल्यांत तीन बायका मावतात. तुझी बायको पहिल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखी उभी होती. चौथ्या दिवशी तिने सगळ्या डब्यांच्या जागा बदलल्या आणि आता मला माझीच साखर सापडत नाही. "वन्सं, असं सोयीचं पडतं," म्हणाली. म्हटलं, बाई, तू म्हणशील तसं. ती रडत नाही. भांडी मात्र दोनदा घासते.

ठकीने पहिल्याच दिवशी मला विचारलं, "आत्या, तुमचं नि बाबांचं काय वाजलं होतं?" मी म्हटलं, मोठ्यांचा मूर्खपणा. ती म्हणाली, "ते माहीत आहे, पण कशावरून?" तुझीच मुलगी. सांगेन कधीतरी, असं म्हणून सुटले.

एक गोष्ट मनातून जात नाही. लिफ्टशेजारच्या बाकावर तू म्हणालास, "सहा आठवडे पळवलं मी तिला, ताई. ती लंगडत होती आणि मी म्हणत होतो, नाटकं करू नकोस." तू तोंड झाकून घेतलंस. नऊ वर्षांनी आपण शेजारी बसलो होतो. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, तुला काय माहीत होतं. त्यावर आणखी काही बोलायचं होतं ते राहिलं. तू तुझ्या हाताने माझा हात दाबलास.

धाकटीला सांभाळ. मावशीवर फार टाकू नकोस, ती तिला दातांच्या गोष्टी सांगत बसेल.

ताई

२ जून

बारक्या,

ऑपरेशनला आज नऊ दिवस झाले. तू होतास तोवरचं तुला माहीत आहे. गुडघा आणि मांडीचं खालचं हाड काढून धातूचं बसवलंय. परवा तिला दोघींनी धरून उभं केलं. चार पावलं टाकली. घाम फुटला, ओठ पांढरे पडले, पण शेवटी विचारते काय, "विमानतळावर माझा गुडघा वाजेल का?" फिजिओवाली म्हणाली, नक्की वाजेल. तर ही म्हणाली, "मग बरंय. बाबांना मी कुठे आहे ते कळेल."

उडी मारता येणार नाही हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिने विचारलेलंही नाही. तिचे उडीचे बूट तिने आईकडून पिशवीत भरून घेतले आणि पलंगाखाली ढकलले. मला वाटतं तिला कळलंय.

आता वाईट ते सांगते. काढलेलं हाड आमच्याच इमारतीत आलं. रक्ताच्या नात्याचं काम आपण करायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी बाहेर थांबले आणि माझ्या हाताखालच्या मुलीने ते कापलं. मी तेवढा वेळ धुतलेल्या काचा पुन्हा धुतल्या. दहा आठवड्यांच्या औषधाने गाठीचा किती भाग मेला, ते त्या कापांत बघतात. नव्वद टक्के तरी मेलेला हवा असतो. चाळीसच मेलाय. डॉक्टर औषधं बदलणार आहेत. त्यांचा चेहरा काही चांगला नव्हता आणि मी तुला तो चांगला होता असं सांगणार नाही.

ऑपरेशनच्या दिवशी गाठीचा तुकडा संशोधनाला द्यायचा कागद आला तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. तू तो दोनदा वाचलास आणि म्हणालास, "ताई, पेन दे." सही तू केलीस. बाहेर आल्यावर म्हणालास, "आईच्या वेळी मी उगाच बोललो." मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. का ते आता विचारू नकोस.

ठकीच्या रक्ताचा निकालही आला. मोडकी प्रत तिच्यात आहे. म्हणजे ती तुझ्याकडूनच आली, तुझं वेगळं सांगायला नको. तूही तपासून घ्यायचंस, आणि तुझं शरीरही दरवर्षी बघावं लागेल. पण आधी धाकटी. ती साडेतीन वर्षांची आहे. तिचं रक्त घेऊ या. नसेल तर आपण सुटलो. असेल तर दरवर्षी डोक्यापासून पायापर्यंत एमआरआय आणि मध्ये मध्ये सोनोग्राफी, म्हणजे जे उठेल ते लहान असतानाच दिसेल. मी नाव घालून ठेवते, तू फक्त हो म्हण.

ताई

६ ऑगस्ट

बारक्या,

तुझं पत्र सोमवारी आलं. मी ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालं.

तू लिहितोस: "धाकटीचं रक्त एवढ्यात नको. तू तर कळल्या कळल्या लिहिलंस. त्याच महिन्यात आपण धावलो, एक दिवस वाया घालवला नाही. तरी आज ठकीच्या फुप्फुसात ठिपके आलेच. मग आधी कळून उपयोग काय झाला? बायको म्हणते, एका पोरीचं चालू आहे तेवढं पुरे, दुसरीला आत्तापासून रोगी ठरवू नका. धाकटीला खेळू दे. वर्ष-दोन वर्षांनी बघू. घाई काय?"

आणि खाली लिहिलंस, "ताई, या सगळ्यात तू नसतीस तर आम्ही कुठे गेलो असतो?"

हे उत्तर फोनवर देता येणार नाही. समोर बसून तर नाहीच, कारण तू माझ्याकडे बघितलंस की मी पुन्हा काहीतरी गोड बोलून मोकळी होईन. मला ते जमतं. म्हणून लिहून देते, बसून वाच.

मला परवा-परवा कळलं नव्हतं. मला कळलं ते गेल्या डिसेंबरात नव्हे, त्याच्या आदल्या डिसेंबरात. नऊ तारीख, मंगळवार. मी तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या चौदा महिने आधी.

बाईंनी मला खोलीत बोलावून दार लावलं आणि सांगितलं, तो आकडा तुझा आहे हे मला माहीत आहे. त्यांनी मला समुपदेशन करणाऱ्या बाईकडे पाठवलं. तिने सगळं समजावलं, मुलांचं विशेष करून. दरवर्षीच्या तपासणीचं सांगितलं. मग एक कागद पुढे केला, की माझ्या रक्ताच्या नातेवाइकांना मी हे कळवीन. मी सही केली. सह्या करायला मी कायम पुढे. तीन महिन्यांनी तिने विचारलं, भावाला कळवलं? म्हटलं, हो. पुन्हा विचारलं तेव्हा म्हटलं, तो बघतोय. तिसऱ्यांदा तर मी तुझ्यावर चिडल्याचं नाटक केलं, की काय करणार, ऐकतच नाही.

का, ते तू विचारणारच. मी लिहायला बसले होते. खरंच बसले होते. 'बारक्या' एवढं लिहिलं आणि मनात आलं, आठ वर्षं होत आली, दर वेळी मीच का आधी? याने एकदा फोन करावा, मग सांगते. एवढंच होतं ते, आणि मी ते फुगवून त्याला स्वाभिमान म्हणत होते. दुसरं असं की तुला सांगायचं म्हणजे आईच्या कुपीचं सांगायचं. तू म्हणशील, आईला बाटलीत भरलंस, आता आमच्या पोरींवर आलीस. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मग मी स्वतःला समजावलं की पोरी लहान आहेत, धावताहेत, उड्या मारताहेत, चांगल्या आहेत. घाई काय. हे शब्द तू आता लिहिलेस, पण ते आधी माझे आहेत. मी ते चौदा महिने रोज वापरले.

आणि हेही ऐक, म्हणजे काही शिल्लक राहायला नको. त्या चौदा महिन्यांत मी माझा स्वतःचा एमआरआय काढून घेतला. डोक्यापासून पायापर्यंत. स्वच्छ आला. त्या दिवशी मी घरी येऊन स्वतःला चहा केला आणि बरं वाटलं म्हणून पुस्तक वाचत बसले. तुझी ठकी तेव्हा अकरा वर्षांची होती.

तेव्हाच तिचा काढला असता तर गाठ दिसली असती का? शपथेवर कुणी सांगू शकणार नाही. कदाचित तेव्हा नसेलही. कदाचित वाटाण्याएवढी असेल आणि फुप्फुसात गेलेली नसेल. मी डॉक्टरांना आडून आडून विचारलं, दुसऱ्या कुणाचं म्हणून. ते म्हणाले, "बघितलंच नाही तर दिसणार कसं?" तिथून मी जिन्याने खाली आले, लिफ्टमध्ये माणसं होती.

तू सहा आठवडे उराशी धरून बसला आहेस. बाकावर तू ते मला सांगितलंस आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा माझ्याजवळ चौदा महिने होते. मी ते तुला सांगू शकले असते, तुझं ओझं त्याच क्षणी हलकं झालं असतं. मी गप्प राहिले, कारण नऊ वर्षांनी तू माझ्याशी बोलत होतास, ठकी मला आत्या म्हणत होती, तुझी बायको माझे डबे लावत होती, आणि मला ते घर सुटू द्यायचं नव्हतं. तुझे सहा आठवडे आता टाकून दे. तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे मलाही माहीत आहे. तरी मी झाकून ठेवलं असतं, मरेपर्यंत. तुझ्या पत्राने मला तसं करू दिलं नाही. तू माझ्या खोट्यावर हिशेब मांडलास, की लगेच कळूनही काही उपयोग झाला नाही, म्हणून दुसरीचं कळून घ्यायचं नाही. ते खोटं आहे बारक्या. लगेच कळलं असतं तर काय झालं असतं, हे आपल्या घरात अजून कुणी बघितलेलंच नाही. जे बघितलं ते थांबल्याने काय होतं ते. तू धाकटीसाठी थांबू नकोस. तिच्या बाबतीत माझ्यासारखा होऊ नकोस.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता तिचं नाव घातलं आहे. तळमजला, डावीकडे तिसरी खिडकी. माझं नाव सांगायची गरज नाही, तुझं सांग. तपासणीचं सगळं बाईंशी बोलून ठेवलं आहे, आणि त्यांनाही मी काल खरं सांगितलं. त्या चष्मा काढून पुसत राहिल्या. गुरुवारी मी रजेवर आहे. रक्त दुसरी बाई घेईल, निकाल समुपदेशन करणारी बाई थेट तुला कळवील. मध्ये मी कुठेही नाही. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर बघावं लागणार नाही.

माझ्या घराच्या किल्ल्या तुझ्या बायकोकडे आहेत, त्या तिच्याकडेच राहू देत. तिने आणि ठकीने इथेच राहावं, दवाखाना जवळ पडतो. मी पेशीवाल्याच्या बहिणीकडे एक खोली रिकामी आहे तिथे जाते. ठकीला काय सांगायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. तिला खरं सांगितलंत तर मी नाकारणार नाही. तिला माझ्याबद्दल काही चांगलं सांगायलाच पाहिजे असं नाही.

मला तुमची सगळ्यांची फार सवय झाली होती. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

धाकटी सुईला घाबरेल. साडेतीन वर्षांची आहे, घाबरणारच. तिला मांडीवर घे आणि डावा हात पुढे करायला सांग. दुखणार नाही असं सांगू नकोस. थोडं दुखेल म्हणून सांग, आणि मग घट्ट धर.

ताई